निळ्या हातांचा हिरवा चहा

अलीकडे दिवाळीच्या भेटीच्या पेटाऱ्यात काजू-बदामांशेजारी एक चिमुकली डबी हटकून येऊन बसू लागली आहे. डबीवर धुक्यातल्या डोंगराचे चित्र आणि आत हिरवा चहा. घरातली तरुण मंडळी ती मोठ्या कौतुकाने उघडतात. आजी मात्र एक घोट घेऊन कप खाली ठेवते आणि विचारते, "अरे, यात चहा कुठे आहे?" दूध नाही, साखर नाही, आल्याचा ठसका नाही, आजीची तक्रार अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. पण हा जो पाहुणा आपण नवा म्हणून घरात घेत आहोत, तो नवा मुळीच नव्हे. आपल्या रोजच्या चहाचा तो थोरला भाऊ आहे, आणि त्याच्या पूर्वायुष्यात वेषांतर, चोरी आणि भेसळ असा एखाद्या कादंबरीला पुरेल एवढा ऐवज भरलेला आहे.

सुरत म्हटली की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. दुसऱ्या स्वारीनंतर एकोणीस वर्षांनी, १६८९ साली, जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री सुरतेस येऊन राहिला. त्याचे प्रवासवर्णन १६९६ साली लंडनला छापले गेले. तो लिहितो की, हिंदुस्थानात गोरे आणि देशी दोघेही चहा पितात, आणि डच लोकांची चहाची किटली तर विस्तवावरून क्वचितच खाली उतरते. पाण्यात मसाला घालून उकळलेला चहा डोकेदुखी, मुतखडा आणि पोटातली कळ यांवर गुणकारी समजतात. लोक तो खडीसाखरेबरोबर घेतात, आणि चोखंदळ मंडळी मुरवलेल्या लहान लिंबांबरोबर! पाद्रीबोवांचा 'हिंदुस्थान' म्हणजे त्यांनी पाहिलेली बंदरे आणि वखारी, हे ध्यानात ठेवले पाहिजे. देशावरच्या कुणब्याला तेव्हा चहाचे नावही ठाऊक नव्हते. तरीसुद्धा मसाल्याचा चहा सव्वातीनशे वर्षांपूर्वी सुरतेत उकळत होता, आणि आजच्या डब्यांवर छापतात तशी गुणांची यादीही तेव्हापासून त्याच्या मागे लागलेली होती, हे वाचून मोठी गंमत वाटते.

सुरतेला येणारा तो चहा चीनमधला. युरोपातही चहा जाई तो चीनमधूनच, हिरवा आणि काळा असा दोन्ही प्रकारचा. १७७३ साली अमेरिकेत बॉस्टन बंदरात लोकांनी रागाने ज्या पेट्या समुद्रात फेकल्या, त्यांतही हिरव्या चहाच्या पेट्या होत्या. परंतु हा चहा पिणाऱ्यांना त्याविषयी काही म्हणता काही ठाऊक नव्हते. हिरवा चहा एका झाडाचा आणि काळा दुसऱ्या झाडाचा, अशी त्यांची पक्की समजूत होती. वनस्पतींना नावे देणारा थोर पंडित लिनिअस यानेसुद्धा १७६२ च्या आपल्या ग्रंथात त्यांना दोन वेगळ्या जाती ठरवून टाकले.

खरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातल्या कोणाही गृहिणीला चटकन पटेल. वांगे चिरून ठेवले की थोड्या वेळाने त्याच्या फोडी काळ्या पडतात. हवा लागते, आणि फोडीतल्या रसांचे रूप पालटते. चहाच्या पानाचे हेच आहे. पान खुडून सुकवले, मळून चुरगाळले आणि हवेत पडू दिले, की ते तांबूस-काळे होते. तो काळा चहा. तेच पान खुडल्यावर लवकरच तापलेल्या कढईत परतले, की त्याला काळे पाडणारा रसातला घटक उष्णतेने मरतो आणि पान हिरवे राहते. जपानी लोक कढईऐवजी वाफ देतात. एवढाच काय तो भेद. झाड एकच. चिनी कारागिराच्या हातात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते. १३९१ साली मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने चहाच्या दाबून केलेल्या वड्यांचा नजराणा बंद करून सुटी पाने मागवली. तेव्हापासून पाने गरम पाण्यात भिजवून पिण्याची रीत तिकडे रूढ झाली. ही विद्या चीनने परदेशी लोकांपासून जपून ठेवली होती. ते शहाणपणाचेच होते असे मला वाटते, कारण पुढे घडले ते असे.

इंग्रजांना चहाचे व्यसन लागले, आणि त्याचे पैसे चीनला चांदीत मोजावे लागत. चांदी वाचवण्यासाठी कंपनीने बंगाल-बिहारात अफू पिकवली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, आणि तिच्यावर मुंबईतल्या कित्येक पेढ्या गबर झाल्या. अफूपायी लढाई झाली. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनची पाच बंदरे उघडली. पण बंदरापासून लांब आत जाण्याची गोऱ्यांना तरीही मनाई होती, आणि चहाचे मळे तर आतच होते.

अशा वेळी कंपनीला रॉबर्ट फॉर्च्यून हा मनुष्य सापडला. हा स्कॉटलंडचा माळी. विद्यापीठाचे तोंड न पाहता बागेत राबून वर आलेला. लंडनच्या चेल्सी येथील औषधी बागेची व्यवस्था त्याच्याकडे होती. पूर्वी एकदा तो चीनमध्ये तीन वर्षे हिंडून आला होता, आणि हिरवा व काळा चहा एकाच झाडापासून होतो हे त्याने तेव्हाच ताडले होते. १८४८ साली कंपनीने त्याला वर्षाला ५०० पौंडांवर नेमले. काम असे की, चीनमधल्या उत्तम मळ्यांतली रोपे आणि बी आणायचे, आणि जमल्यास कारागीरही. सरकारी भाषेत याला 'संकलन' म्हणतात. आमच्या शाळेत मुलाने शेजाऱ्याच्या वहीतून असे संकलन केले तर त्याला बाकावर उभे करतात!

शांघायहून निघताना त्याने चिनी पोशाख चढवला. त्याच्या हमालाने त्याचे डोके असे काही भादरले की डोळ्यांतून पाणी आले, आणि मागे लांब वेणी जोडली गेली. कोणी विचारलेच तर, साहेब चीनच्या भिंतीपलीकडल्या दूरच्या प्रांतातले आहेत, असे सांगायचे ठरले. चीन एवढा अफाट, की ही थाप खपून गेली. नदीतून होडीने आणि पुढे डोलीने तो हुइझोऊच्या हिरव्या चहाच्या मुलखात पोचला.

तिथल्या एका कारखान्यात त्याने जे पाहिले, ते माझ्या मते या साऱ्या हकिकतीचे मर्म आहे. कढया मांडलेल्या होत्या. कारागीर हाताने पाने परतत होते, आणि त्यांचे हात निळे होते. देखरेख करणाऱ्याने एका चिनीमातीच्या भांड्यात प्रशियन निळा हा रंग बारीक खलला होता. जिप्सम, म्हणजे ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात ते खनिज, विस्तवात भाजून त्याची पांढरी पूड केली होती. दोन्ही मिसळून फिकट निळी भुकटी तयार झाली. शेवटच्या परतण्याच्या वेळी, चहा उतरवायला एक उदबत्ती जळण्याइतका अवकाश उरला की, ही भुकटी चिमुकल्या चमच्याने प्रत्येक कढईत भुरभुरायची. पाने सारखी, तुकतुकीत, सुंदर दिसू लागत.

फॉर्च्यूनने हिशेब केला. असा रंगवलेला १०० पौंड चहा पिणाऱ्याच्या पोटात अर्ध्या पौंडाहून अधिक रंग आणि जिप्सम जात होते. हे का करता, असे विचारता मिळालेले उत्तर मोठे मार्मिक आहे. परदेशी लोकांना चहा एकसारखा आणि देखणा लागतो, रंग स्वस्त आहे, आणि अशा चहाला ते जास्त दाम देतात. मग आमची काय हरकत? ते स्वतः मात्र रंगवलेला चहा कधी पीत नसत.

या प्रसंगावरून चिनी लोकांना लबाड ठरवणारे लेखन पुढे पुष्कळ झाले. मला ते पटत नाही. लंडनमधले दुकानदार काय धुतल्या तांदळाचे होते? फ्रेडरिक अ‍ॅकम या रसायनशास्त्रज्ञाने १८२० सालीच आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, तिथले ठग काटेरी झुडपाची पाने तांब्याच्या विषारी क्षाराने रंगवून हिरवा चहा म्हणून विकतात. गिऱ्हाइकाला पानापेक्षा रंग हवा होता, आणि दोन्ही टोकांचे व्यापारी त्याला तो पुरवीत होते. फॉर्च्यूनने रंगाचे नमुने इंग्लंडला धाडले. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांचा बोभाटा झाला. रंगाची धास्ती आणि आसामचा स्वस्त काळा चहा, या दोहोंनी मिळून त्या शतकाच्या अखेरीस इंग्रजाच्या कपातून हिरवा चहा जवळजवळ हद्दपार केला.

रोपांची कथाही ऐकण्यासारखी आहे. कोरडे पाठवलेले चहाचे बी वाटेतच मरून जाई. तेव्हा डॉक्टर वॉर्ड यांनी शोधून काढलेल्या बंद काचपेटीत तुतीच्या रोपांमधल्या मातीत फॉर्च्यूनने बी पेरले; जहाज चालू लागले आणि आत कोंब फुटले. १८५१ साली तो चिनी कारागिरांसह कलकत्त्यास उतरला, आणि तिथून सहारनपूरच्या सरकारी बागेत १२ हजारांहून अधिक रोपे पोचती केली. ती गढवाल, कुमाऊँच्या आणि आसपासच्या डोंगरी मळ्यांत लागली. वेणी लावून फिरलेल्या साहेबाचे नाव पुस्तकांत राहिले. घरदार सोडून हिमालयाच्या पायथ्याशी आलेल्या त्या कारागिरांनी आपल्या लोकांना पाने परतायला शिकवली, त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही.

हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात चिनी जातीची ही झुडपे अजून आहेत. ४ एप्रिल १९०५ च्या भीषण भूकंपात ते खोरे उद्ध्वस्त झाले, कारखाने पडले, पुष्कळ गोरे मळेवाले मळे विकून निघून गेले. तरी तिथला हिरवा चहा अमृतसरच्या व्यापाऱ्यांमार्फत अफगाणिस्तानाकडे जात राहिला. २००५ साली कांगडा चहाला भौगोलिक मानांकन मिळाले. काश्मिरी कहव्यात दालचिनी, वेलदोडा, केशर आणि बदामाचे काप यांखाली असतो तो हिरवा चहाच.

आपल्याकडे मात्र काळ्या चहाचे राज्य झाले. १९३० च्या सुमारास आसामात पाने चिरडून-फाडून बारीक गोळीदार भुकटी करणारे यंत्र निघाले. ती भुकटी थोडक्यात गडद रंग देते, दुधाला पुरून उरते आणि खिशालाही परवडते. मग हिरवे पान मागे पडले यात नवल नाही. आपल्या परसातला गवती चहा तर चहाच्या कुळातलाही नव्हे. ते सुगंधी गवत आहे. पण कोकणातल्या आजीला पावसाळी सर्दीत त्याच्या पातीचा आणि आल्याचा काढा द्यायला वनस्पतिशास्त्राची परवानगी लागत नाही.

तेव्हा दिवाळीतल्या त्या डबीला आपल्या दुधाच्या चहाचे नियम लावू नयेत, एवढेच आजीला सांगायचे. आधणात टाकून उकळू नये. खळखळत्या पाण्यात हे पान कडूजहर होते आणि मग सगळे म्हणतात, हा चहा नव्हे, किराईत! पाणी उकळून खाली उतरावे, झाकण काढून तीन-चार मिनिटे थांबावे, आणि मग कपाला चमचाभर पाने घालून दोन मिनिटांत गाळावे. गाळलेली पाने फेकू नयेत, दुसऱ्या पाण्यालाही ती चव देतात. फराळाच्या तळणानंतर असा कपभर चहा घ्यायला हरकत नाही. वजन झपाट्याने उतरते वगैरे डबीवरची वचने पाद्रीबोवांच्या यादीशेजारी ठेवावीत. आणि कपात उतरलेला रंग हिरवा नाही, नुसताच फिकट पिवळा आहे, म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. चांगल्या पानाचा रंग तसाच असतो.