पालाईची बँक

जुन्या त्रावणकोर संस्थानात पालाई नावाचे गाव आहे. भोवताली रबराचे मळे, मिरीचे वेल आणि नारळी. या गावात १९२७ साली एक बँक निघाली, पालाई सेंट्रल बँक. पुढे ती केरळातली सर्वांत मोठी बँक झाली. आणि १९६० च्या ऑगस्टच्या आठ तारखेला रिझर्व्ह बँकेने उच्च न्यायालयात अर्ज करून ती गुंडाळायला लावली!

आता असे पाहा. एका मुलखापुरती बँक म्हणजे गावच्या सावकाराचीच थोरली बहीण. कोणाची जमीन कसदार, कोणाचा शब्द खरा, हे तिला जेवढे कळते तेवढे मुंबईच्या मोठ्या बँकेला कळत नाही. पण यातच तिचा धोकाही आहे. ठेवी ठेवणारे आणि कर्जे घेणारे एकाच पंचक्रोशीतले, एकाच पिकावर जगणारे. मिरीचा भाव पडला की कर्जदार हप्ता चुकवतो, आणि नेमका त्याच महिन्यात त्याचा शेजारी घरखर्चासाठी ठेव काढायला येतो. ठेव मागताक्षणी द्यायची असते; कर्ज मात्र मळ्यात अडकलेले. बरे, बाहेरून उसने आणावे तर रिझर्व्ह बँक सरकारी रोख्यांसारखे चोख तारण मागते. दोन एकर रबर घेऊन तिने काय करावे?

पालाईचे दुखणे मात्र नुसत्या भावाचे नव्हते. बुडीत कर्जांनी तिचे भांडवल आतून खाल्ले होते. रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना हे कित्येक वर्षे ठाऊक होते. पण बोभाटा झाला तर लोक धावत येतील आणि धडधाकट बँकाही कोलमडतील, या भयाने पुष्कळ दिवस समजुतीने घेतले गेले. हा विचार अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्या काळात नव्या ठेवी येतच राहिल्या, आणि ठेवणाऱ्याला यातले काही माहीत नव्हते. हे मला खटकते. बँक बंद झाल्यावर व्हायचे ते झालेच. केरळातल्या इतर काही बँकांपुढेही रांगा लागल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६२ साली बहुमताने रिझर्व्ह बँकेचा अधिकार मान्य झाला. खातेदारांचे पैसे मात्र वर्षानुवर्षे अडकून पडले.

हे सारे दूर केरळातले, असे कोणी म्हणू नये. त्याच १९६० साली आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली. ठेवींचा विमा उतरवावा ही कल्पना १९४८ साली बंगालमधल्या बँका कोसळल्या तेव्हाच निघाली होती. बँकांच्या तपासणीची घडी आधी बसू द्या, असे म्हणून १९४९ मध्ये ती मागे ठेवण्यात आली. तपासणी आली, पण पालाई वाचली नाही. मग मात्र चक्रे फिरली. दुबळी बँक सबळ बँकेत सक्तीने विलीन करण्याचा अधिकार सरकारला त्याच वर्षी मिळाला. १९५१ साली देशात ५६६ व्यापारी बँका होत्या, त्या १९६९ पर्यंत ८९ उरल्या. आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, माणशी दीड हजार रुपयांपर्यंत.

१९९३ साली ही मर्यादा एक लाख झाली. मग २०१९ च्या सप्टेंबरात मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक अडचणीत आली. कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाला दिलेला, आणि खातेदारांना आरंभी सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची परवानगी! २०२० च्या फेब्रुवारीत विम्याची मर्यादा पाच लाखांवर नेण्यात आली.

शिक्षकबंधूंनी एक गोष्ट गावात जरूर सांगावी. हा विमा बँकेतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. गावच्या विकास सोसायटीत किंवा नाक्यावरच्या पतसंस्थेत ठेवलेला पैसा त्यात येत नाही, मग तिच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो.