प्लगइन, ध्वनिमुद्रणातील : घरगुती मांडणीसाठी निवड
संगणकावरील ध्वनिमुद्रण-प्रणालीला जोडून मुद्रित आवाजावर प्रक्रिया करणारे पूरक सॉफ्टवेअर म्हणजे प्लगइन. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये क्यूबेस या आपल्या ध्वनिमुद्रण-प्रणालीसोबत व्हीएसटी ही जोडणीची पद्धत आणली व ती इतर निर्मात्यांनाही खुली केली, त्यामुळे स्टुडिओतील स्वतंत्र यंत्रांची कामे घरच्या संगणकावर होऊ लागली. ॲपलच्या संगणकांवर एयू आणि प्रो टूल्समध्ये एएएक्स या पद्धती चालतात.

निवडीचे तत्त्व : मुद्रणात कोणता दोष आहे हे आधी कानाने ठरवावे आणि मगच साधन निवडावे. इक्वलायझर, कंप्रेसर, रिव्हर्ब व लिमिटर ही चार साधने गायन-वादनाच्या बहुतेक कामांना पुरतात, आणि बहुतेक प्रणालींत ती मुळातच असतात. रीपर या प्रणालीतील रीईक्यू व रीकॉम्प ही त्यांची उदाहरणे होत. उघड्या भिंतींमुळे आवाजात मिसळलेला खोलीचा प्रतिध्वनी नंतर पूर्णपणे काढता येत नाही, म्हणून जाड पडदे, गाद्या आणि मायक्रोफोनची जागा यांना खरेदीपेक्षा अग्रक्रम द्यावा.

इक्वलायझर : आवाजाच्या निरनिराळ्या कंप्रतांची पातळी हे साधन कमी-अधिक करते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने अर्थिंग सदोष असल्यास ५० हर्ट्‌झ व त्याच्या पटींत गुणगुण उमटते. गायनाच्या मुद्रणात ८० हर्ट्‌झच्या आसपास लावलेला हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक कंप्रतेखालचा ध्वनी गाळणारी चाळणी, या गुणगुणीचा तळ आणि पंख्याची घरघर कमी करतो. मात्र तोच फिल्टर तबल्यावर लावल्यास डग्ग्याचा घुमारा हरवतो.

कंप्रेसर : ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज हे साधन प्रमाणात दाबते; ४:१ या प्रमाणात मर्यादेपेक्षा ८ डेसिबलने चढलेला आवाज २ डेसिबलनेच चढलेला राहतो. १९६०च्या दशकातील टेलेट्रॉनिक्स एलए-२ए या यंत्रात आवाज चढला की आतील प्रकाशपट्टी उजळते, प्रकाशसंवेदी घटकाचा विद्युत्‌रोध घटतो आणि पातळी खाली येते. ही क्रिया सावकाश ओसरत असल्याने ते गायनाला मानवते. त्याच दशकात बिल पुटनम यांनी घडवलेले ११७६ हे ट्रान्झिस्टरवर चालणारे यंत्र मात्र मिलिसेकंदाच्याही आत दाब देऊ शकते. अभंगातील मंद्र सप्तकातली हळुवार ओळ आणि तार सप्तकातली पुकार एकत्र सांभाळताना पहिल्या जातीचा कंप्रेसर उपयोगी पडतो. दोहोंच्या अनेक संगणकीय प्रतिकृती उपलब्ध आहेत. मूळ यंत्रांशी त्या कितपत जुळतात याविषयी मतभेद आहेत.

रिव्हर्ब : हे साधन आवाजाला जागेचा आभास देते. अल्गोरिदमी प्रकार, ज्याचा पाया मानफ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी घातला, गणिताने प्रतिध्वनी रचतो, तर कॉन्व्होल्यूशन प्रकार प्रत्यक्ष वास्तूत मुद्रित केलेला प्रतिसाद वापरतो. सर्व ट्रॅकना एकच रिव्हर्ब सामाईक ठेवल्यास गायक व साथीदार एकाच जागी बसल्यासारखे ऐकू येतात आणि संगणकावरील भारही कमी होतो.

सूरदुरुस्ती : अँटारेस या कंपनीचे ऑटो-ट्यून हे सूर दुरुस्त करणारे प्लगइन १९९७ मध्ये आले. सुराला ठरावीक बारा स्वरांकडे वेगाने खेचणारी त्याची मांडणी मींड व आंदोलन नष्ट करते. दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गंधार त्यामुळे सपाट होतो. रागसंगीताच्या मुद्रणासाठी हे साधन अत्यावश्यक मानू नये.

लिमिटर : हे साधन अंतिम मिश्रणाची शिखरे ठरवलेल्या कमाल पातळीपुढे जाऊ देत नाही.