खाऱ्या पाण्याच्या छोट्या मत्स्यपेटीतील शेवाळ : कारणे व उपाय

निलंगा, (प्रतिनिधी) : मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी समुद्रातील रंगीत मासे प्रथम तेथेच पाहिले. त्या मत्स्यालयाच्या दारातच समुद्र होता. निलंग्यासारख्या गावात खाऱ्या पाण्याची पेटी ठेवायची, तर समुद्र घरातच तयार करावा लागतो. त्यासाठीचे मीठ मागवता येते, मासेही मागवता येतात. घोडे अडते ते गोड्या पाण्यापाशी. पेटी लावून दोन-तीन महिने होत नाहीत तोच वाळू तपकिरी पडते, दगडांवर हिरवे केस उगवतात आणि काच रोज पुसावी लागते. अनेक हौशी मंडळी याच टप्प्यावर हात टेकतात. वास्तविक शेवाळ हा रोग नसून लक्षण आहे. कारण सापडले, तर ते आटोक्यात येते.

शेवाळाचे अन्न कोणते?

शेवाळाला प्रकाश, नायट्रोजन आणि फॉस्फरस या तीन गोष्टी लागतात. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. पेटीतील उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत ही साखळी बसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासे सोडण्याची घाई केल्यास मासे दगावतात आणि शेवाळाला मात्र आयती मेजवानी मिळते. फॉस्फेट मुख्यतः माशांच्या खाद्यातून येते.

समुद्रातही हे घटक असतात, परंतु तेथे पाण्याचा साठा अथांग असतो. शंभर लिटरच्या पेटीत चिमूटभर जादा खाद्यही जाणवते. पेटी जितकी लहान, तितकी चूक महाग पडते.

प्रकार ओळखावेत

सगळ्या शेवाळांवर एकच उपाय चालत नाही. नेहमी आढळणारे प्रकार असे :

- तपकिरी भुकटी : हे डायटम होत. पाण्यातील सिलिकावर ते वाढतात. नव्या पेटीत ते येणारच आणि सिलिकाचा पुरवठा थांबला, की बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात.
- हिरवे केस : नायट्रेट व फॉस्फेट वाढल्याची खूण. हाताने उपटून काढणे हाच पहिला उपाय.
- लाल-जांभळा, साय धरल्यासारखा थर : हे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू आहेत. पाण्याचा प्रवाह मंद असलेल्या, गाळ साचलेल्या कोपऱ्यांत ते पसरतात. थर नळीने ओढून काढावा आणि प्रवाह वाढवावा.
- हिरवे फुगे : हे पेटीतच फोडू नयेत, अन्यथा त्यांतील बीजाणू पाण्यात पसरण्याचा धोका असतो. शक्य असल्यास दगड बाहेर घेऊन ते अलगद खरवडावेत.
- बुडबुडे अडकलेले तपकिरी, चिकट धागे : हे डायनोफ्लॅजेलेट असू शकतात. नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास शून्यावर आणल्यावरच ते अनेकदा डोके वर काढतात. अशा वेळी पाणी आणखी ‘स्वच्छ’ करणे उलट अंगाशी येते.
- गुलाबी-जांभळा कठीण लेप : हे कोरलाइन शेवाळ. ते पेटी स्थिरावल्याचे लक्षण असल्याने खरवडू नये.

मूळ दुखणे पाण्याचे

मराठवाड्यातील बहुतेक भाग बेसाल्ट खडकावर वसला आहे. या खडकातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. त्यातच खतांचे अंश व सांडपाणी मुरल्याने अनेक ठिकाणी नायट्रेटची भर पडते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही शेवाळासाठी उत्तम खत ठरू शकते.

हिशेब करून पाहू. उन्हाळ्यात शंभर लिटरच्या पेटीतून दिवसाला दोन लिटर पाणी उडते, असे धरले, तर महिन्याला साठ लिटर भर घालावी लागते. त्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर पेटीत २,७०० मिलिग्रॅम नायट्रेट जमा होते. पाणी उडून जाते, नायट्रेट मात्र मागे राहते. महिनाभरात पेटीतील प्रमाण लिटरला २७ मिलिग्रॅमने वाढते, तेही खाद्याचा एक दाणा न टाकता. लहान पेटीत नायट्रेट दोन ते दहा आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवणे साधारणतः योग्य मानले जाते.

म्हणून मीठ कालवण्यासाठी आणि भर घालण्यासाठी आरओचे पाणीच वापरावे. येथे एक खबरदारी हवी. पिण्यासाठीच्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळली जातात. पेटीसाठी ही सोय बंद करावी. शक्य असल्यास आरओनंतर आयन काढणारी राळ बसवावी आणि टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ आल्याची खात्री करावी. उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या शुद्ध पाण्याने घालावी. खारे पाणी घातल्यास क्षारता वाढत जाते. ती हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ असावे. स्वयंपाकघरातील मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी अनेक क्षार असतात.

नित्याची निगा

१. दिवा रोज सात-आठ तासच सुरू ठेवावा. त्यासाठी टायमर बसवावा. पेटीवर खिडकीतील थेट ऊन पडू देऊ नये.
२. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. गोठवलेले खाद्य वितळवून, त्याचे पाणी गाळून मगच टाकावे.
३. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे. दहा लिटरसाठी सुमारे ३५० ग्रॅम मीठ लागते. अचूक प्रमाण पाकिटावर पाहून ठरवावे.
४. गाळणीचा स्पंज पेटीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच धुवावा. नळाखाली धुतल्यास उपयुक्त जिवाणू मरतात.
५. प्रोटिन स्किमर असल्यास त्याचा पेला वरचेवर रिकामा करावा. फॉस्फेट हटत नसेल, तर ते शोषणारे लोहयुक्त दाणे थोड्या प्रमाणात वापरावेत.
६. वीज गेल्यावर प्रवाह थांबतो व प्राणवायू घटतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.

शेवाळनाशक औषधांचा मोह टाळावा. तांबेयुक्त औषधाने कोळंबी, गोगलगायी मरतात. प्रतिजैविकाने लाल थर जातो, पण उपयुक्त जिवाणूंनाही इजा होऊ शकते. शिवाय एकाच वेळी मेलेले शेवाळ कुजून प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. हाताने काढलेले शेवाळ मात्र शोषलेल्या नायट्रेट-फॉस्फेटसह पेटीबाहेर जाते.

कायद्याचे भान

पेटीत ‘जिवंत दगड’ किंवा प्रवाळ घालण्याचा सल्ला परदेशी पुस्तकांत हमखास असतो. भारतात मात्र प्रवाळ, समुद्रघोडा आदींना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळाले आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. काही समुद्री गोगलगायींनाही संरक्षण आहे. त्यामुळे कोरडे किंवा सिरॅमिकचे दगड वापरावेत आणि शेवाळ खाणारे प्राणी खात्री करूनच घ्यावेत.

काढलेले शेवाळ वाळवून कचऱ्यात टाकावे, कधीही जलाशयात नव्हे. मत्स्यालयातील कॉलर्पा हे शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात आढळले आणि पुढे हजारो हेक्टरवर पसरले. २००० मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडले. तेथून त्याचा नायनाट झाल्याचे जाहीर होण्यास २००६ साल उजाडले. पेटीतील खारे पाणीही झाडांना किंवा शेताला घालू नये. काळी जमीन खारावते.

पाण्याचा हिशेब

भर आणि बदल मिळून शंभर लिटरच्या पेटीला महिन्याला सुमारे शंभर लिटर शुद्ध पाणी लागते. घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी सोडते. ते धरता एकूण गरज तीनशे ते चारशे लिटरवर जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूर जिल्ह्यात हा आकडा लहान नाही. आरओचे सोडलेले पाणी फरशी व भांडी धुण्यासाठी साठवावे, उन्हाळ्यात पेटी घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी. टँकरवर दिवस काढावे लागणाऱ्या घराने मात्र हा छंद पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलणेच शहाणपणाचे. पाण्याची सोय आधी आणि मासे नंतर, हा क्रम पाळला तर शेवाळाची निम्मी लढाई पेटी लावण्यापूर्वीच जिंकता येते.