कोरेगावनंतरचे राज्य आणि हिंगोलीची छावणी

डिसेंबर संपत आला की आपल्या वस्तीतून भीमा कोरेगावला जायच्या गाड्या ठरतात. पोराबाळांना घेऊन, भाकरी बांधून माणसे निघतात. १ जानेवारी १८१८ ला तिथे काय घडले हे आता चौथीतले पोरही सांगते. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची आठशेच्या आसपास फौज दिवसभर पेशव्यांच्या मोठ्या सैन्यासमोर टिकून राहिली. त्यात आपले महार शिपाई मोठ्या संख्येने होते. खांबावर पडलेल्या आणि जखमी शिपायांची ४९ नावे कोरली आहेत, त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब स्वतः तिथे गेले आणि हा इतिहास आपल्यासाठी जागा झाला.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण पुढे काय? पेशवाई बुडाली, मग राज्य कोणी हातात घेतले, कसे चालवले, आणि ज्यांनी रक्त सांडले त्यांच्या घरात त्यातून काय आले? हे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. गिरणीतली पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले, ते जमेल तसे इथे मांडतो.

पुणे शहर तर कोरेगावच्या आधीच इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि पंधरवड्यात शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण लागले. पळता पळता दुसरा बाजीराव ३ जून १८१८ ला माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला जाऊन बसला. जिंकलेल्या मुलखाचा कारभार माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन या कमिशनरच्या हातात होता. सातारा पडल्याबरोबर, ११ फेब्रुवारी १८१८ ला त्याने जाहीरनामा काढला. बाजीरावाचे राज्य संपले, मुलूख कंपनीचा झाला, साताऱ्याच्या राजाला थोडा मुलूख मिळेल. मक्त्याने वसुली द्यायची पद्धत बंद. आणि धर्मात हात घालणार नाही, वतने, इनामे, वर्षासने होती तशी चालू राहतील.

या शेवटच्या वाक्यावर आम्ही फार वेळ अडकलो. वतने चालू राहतील म्हणजे काय? पाटलाची पाटीलकी राहिली, कुलकर्ण्याचे कुलकर्णीपण राहिले, देशमुख-देशपांड्यांचे हक्क राहिले. आणि महाराची महारकीही राहिली! तेही वतनच होते ना. हाडकी हाडोळ्याचा तुकडा, चार घरची भाकर, आणि त्याच्या बदल्यात अख्ख्या गावाची चाकरी. येसकराने रात्री वेस राखायची, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे, टपाल पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे. आधी पेशव्याच्या कमाविसदारापुढे पळायचे, आता कंपनीच्या कलेक्टरापुढे. पळणारे पाय तेच.

आता हे कलेक्टर कोण होते ते बघा. पुण्याला कॅप्टन रॉबर्टसन, नगरला कॅप्टन पॉटिंजर, खानदेशात कॅप्टन ब्रिग्ज, साताऱ्याला कॅप्टन ग्रँट, तोच पुढे मराठ्यांची बखर लिहिणारा ग्रँट डफ. सगळे फौजेतले. कालपर्यंत पलटण चालवत होते, आज जमाबंदी करायला बसले. त्यांच्या हाती कारकून कोण? पेशवाईतले जुनेच. मोडी वाचणारा, हिशेब ठेवणारा दुसरा वर्ग तयारच नव्हता, कारण दुसऱ्यांना कोणी शिकू दिले नव्हते. म्हणजे वर साहेब बदलला, दफ्तर त्याच हातात राहिले.

पेशवे ब्राह्मणांना रमण्यात दक्षिणा वाटत. एल्फिन्स्टनने तीही एकदम बंद केली नाही. वर्षाला ५० हजार रुपये चालू ठेवले आणि त्याच पैशातून १८२१ ला पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. जिंकलेल्या पुण्यात नाराजी नको म्हणून. राज्य टिकवायचे तर ज्यांच्या तोंडाला गाव भितो त्यांना सांभाळावे लागते, हे तो पक्के जाणत होता.

शिक्षणाबद्दल १८२३-२४ च्या सुमारास त्याने जो अभिप्राय लिहिला तो प्रत्येक आईबापाने समजून घ्यावा असा आहे. तो म्हणतो की मिशनऱ्यांना हलक्या समजल्या जाणाऱ्या जातींतली मुले सर्वांत चांगली शिकणारी वाटतात. म्हणजे आपली पोरे हुशार आहेत हे साहेबाला दिसत होते. पण पुढे तो बजावतो की सरकारने त्यांना विशेष उत्तेजन देताना जपून असावे. या लोकांचा सगळ्यात जास्त तिटकारा केला जातो, शिक्षण आधी यांच्यातच रुजले तर वरचे लोक त्याला शिवणार नाहीत. हा कागद बाबासाहेबांनी बरोबर हेरला. १९२८ ला सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे जे निवेदन दिले त्यात तो काढून दाखवला. राज्यकर्त्याला अडाणीपणातून असे वागता आले असते तर गोष्ट वेगळी. इथे तर सगळे कळून वागला.

१८५६ ला धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत घ्या म्हणून अर्ज केला. सरकारचे उत्तर असे, की एका मुलासाठी बाकीच्यांना शाळा निरुपयोगी करता येत नाही. कोरेगावच्या लढाईला तेव्हा ३८ वर्षे झाली होती. आणि महात्मा फुल्यांनी स्वतःच्या हिमतीवर पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढून चार वर्षे.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. छावणीच्या आत चित्र निराळे होते. शिपायांच्या मुलामुलींना पलटणीच्या शाळेत शिकावेच लागे. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर होते, आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत झाला. छावणीत शाळा आणि गावात येसकरकी, असे एकाच सरकारचे दोन चेहरे होते. पुढे १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची फौजभरतीच बंद केली, तेव्हा अर्ज लिहायला उठले ते पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर. लष्करातून अक्षर घेऊन आलेल्यांनीच पहिले कागद लिहिले.

कुणी म्हणेल, हे पुण्या-साताऱ्याचे झाले, आमच्या परभणीचा काय संबंध? आपण तर मोगलाईत, निजामाच्या राज्यात. संबंध आहे, आणि तो हिंगोलीतून जातो. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती.

निजाम इंग्रजांचा दोस्त होता, पण दोस्ती महाग पडली. रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली फौज उभी केली. हीच ती कंटिंजंट. पेशव्यांबरोबरच्या लढाईत ती वापरली, आणि लढाई संपल्यावर घरी पाठवायची सोडून तिथेच ठेवली. हिंगोली, औरंगाबाद, जालना अशा तिच्या छावण्या. १८१९ च्या जानेवारीत हदगावकडच्या नाव्ह्याच्या गढीवर मेजर पिटमनने हीच फौज नेली. हटकर नोवसाजी नाईकाने तिथे बंड केले होते. तीन आठवडे तोफा चालल्या, ३१ जानेवारीला गढी पडली, आतले बहुतेक अरब शिपाई मारले गेले. इंग्रजांनी या लढाईचे नाव पलटणीच्या मानचिन्हावर घातले. आपल्याकडच्या शाळांत मात्र हे कुणी शिकवत नाही.

या फौजेला वर्षाला ४० लाखांच्या आसपास खर्च येई. १८२२ च्या तहाने पेशव्याच्या वेळची चौथाई निजामाच्या डोक्यावरून गेली खरी, पण छावणीचा खर्च बसलेलाच राहिला. पगार थकू नये म्हणून हैदराबादची पामर कंपनी भरमसाट व्याजाने कर्ज देई. १८२० चे ६० लाखांचे कर्ज तर फार गाजले. गोऱ्या अधिकाऱ्यांत थट्टा होती म्हणे, की सगळ्याचे बिल बिचारा निजाम भरतो. निजाम कुठून भरणार हो? पाथरी, जिंतूर, कळमनुरीच्या रयतेकडून भरणार. तालुकदार मक्त्याने तालुका घेई, वसुलीला अरब-रोहिले लावी, आणि सगळ्यात खाली ज्याच्या नावावर जमीनच नाही तो फुकट राबे.

१८२० नंतर आलेल्या मेटकाफ साहेबाने पामर कंपनीचे बिंग फोडले, आणि गोरे अधिकारी, त्यात कंटिंजंटचेही होते, जिल्ह्यांत पाठवून गावांशी सारा ठरवायला लावला. म्हणजे राज्य निजामाचे, पण सारा ठरवणार फौजेचा साहेब! तालुकदारांना थोडा लगाम बसला. पण १८२९ ला नवा निजाम नासिरुद्दौला गादीवर आला, त्याने हे अधिकारी परत घ्यायला लावले आणि जुना मक्ता पुन्हा आला. शेवटी फौजेची बाकी इतकी साचली की २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर दोआब इंग्रजांकडे गेले. नळदुर्गाचा कारभार बघायला आला तोही फौजेतलाच कॅप्टन, मेडोज टेलर. धाराशिव आणि रायचूर १८६० ला परत मिळाले. वऱ्हाड १९०२ ला वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने गेले, कंटिंजंट हिंदी फौजेत मिळाली आणि १९०३ ला हिंगोलीची छावणी उठली. ८४ वर्षे ती आपल्या जिल्ह्याच्या कमाईवर बसली होती.

कुणी असेही म्हणतात की त्या काळात याहून वेगळे करणे शक्यच नव्हते. नवे राज्य, थोडी फौज, लोक बिथरले असते. आम्हाला हे पटत नाही. फौजेचा कारभार काय करू शकतो हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला आणि जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. ते परक्यांचे राज्य नव्हते, त्यामुळे दोन्ही एका मापाने मोजता येणार नाहीत. त्या दिवसांत गोरगरीब मुसलमानांवर जे अत्याचार झाले तेही झाकायचे कारण नाही. पण वर्ष पुरे व्हायच्या आत, १९४९ च्या ऑगस्टमध्ये, त्याच लष्करी सरकारने जहागिऱ्या रद्द केल्या. पिढ्यान् पिढ्यांचे हक्क एका फर्मानाने गेले, आणि आभाळ काही कोसळले नाही.

तरी जहागीर गेली म्हणून भूमिहीनाला रान मिळाले असे झाले नाही. त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या मागे १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला आपल्या लोकांना तुरुंग भरावे लागले, त्यात मराठवाड्यातल्या बायाही कडेवर लेकरे घेऊन गेल्या. आणि तिकडे पेशव्यांच्या जुन्या मुलखातली महारकी? ती काढा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात बिल मांडले, ते पुढे गेले नाही. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा मुंबई सरकारने १९५८ ला केला. एल्फिन्स्टनच्या जाहीरनाम्याला तेव्हा १४० वर्षे झाली होती, आणि बाबासाहेबांना जाऊन दोन.