प्रीएक्लॅम्प्सिया : आनुवंशिक जोखीम

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर उद्भवणारा उच्च रक्तदाबाचा विकार. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होतो आणि जोडीला लघवीतून प्रथिन जाते किंवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू अशा अवयवांवर परिणाम दिसतो. झटके येऊ लागले की त्यास गर्भाक्षेपक (एक्लॅम्प्सिया) म्हणतात. जगभरात सुमारे २ ते ८ टक्के गर्भवतींना हा विकार होतो.

घराण्यातील आढळ : आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा विकार झालेला असल्यास गर्भवतीची जोखीम वाढते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात एकूण जोखमीतील सुमारे ३५ टक्के वाटा आईच्या जनुकांचा आणि २० टक्के वाटा गर्भाच्या जनुकांचा आढळला. गर्भाची निम्मी जनुके पित्याकडून येतात, त्यामुळे पित्याचे घराणेही महत्त्वाचे ठरते. एका पत्नीला प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या पुरुषापासून दुसऱ्या स्त्रीला गर्भ राहिल्यास तिचीही जोखीम जवळजवळ दुप्पट असते, असे नॉर्वेतील जन्मनोंदींवरून १९९८ साली दिसून आले.

गर्भाची जनुके : विकाराचे मूळ वारेत असते आणि वार गर्भाच्याच पेशींतून घडते. तेराव्या गुणसूत्रावरील एफएलटी-१ हे जनुक येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यापासून बनणारे एक विद्राव्य प्रथिन वारेतून आईच्या रक्तात उतरते. रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी राखणारी वाढघटक प्रथिने ते बांधून ठेवते. त्याचे प्रमाण फार वाढले की अस्तर बिघडते, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडातून प्रथिन गळू लागते. या जनुकाजवळचा गर्भातील बदल २०१७ मध्ये युरोपातील मोठ्या अभ्यासात निश्चित झाला. गर्भात तेरावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असल्यास मातेला हा विकार अधिक वेळा होतो, हेही याच कारणमीमांसेशी जुळते.

आईची जनुके : २०२० मध्ये युरोप व मध्य आशियातील स्त्रियांच्या अभ्यासात झेडएनएफ-८३१ आणि एफटीओ या जनुकांजवळचे बदल सापडले. पहिल्याचा संबंध रक्तदाबाशी, तर दुसऱ्याचा शरीराच्या वजनाशीही आहे. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांना पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब व हृदयविकार अधिक का होतात, याचे काही उत्तर यात मिळते.

दोघांचा मेळ : गर्भाशयाच्या अस्तरातील आईच्या संरक्षक पेशी वारेच्या पेशींना आत शिरू देतात, तेव्हाच गर्भाशयाच्या रोहिण्या पुरेशा रुंदावतात. आईच्या पेशींतील केआयआर आणि गर्भाच्या एचएलए-सी या जनुकांचा विशिष्ट जोड जमला, तर हा शिरकाव अपुरा राहतो. अशा वेळी दोघांपैकी कोणाचेच जनुक सदोष नसते.

मर्यादा : नेदरलँड्समधील कुटुंबांत २००५ साली सापडलेल्या स्टॉक्स-१ सारख्या जनुकांना इतरत्र ठाम दुजोरा मिळाला नाही. एफएलटी-१ जवळचा बदलही जोखीम सुमारे २० टक्क्यांनीच वाढवतो. म्हणून विकार होणार की नाही, हे सांगणारी एखाद्या जनुकाची चाचणी आज उपलब्ध नाही. पहिले बाळंतपण, जुळे, स्थूलता, मधुमेह, आधीचा उच्च रक्तदाब यांचा प्रभाव अधिक असतो.

व्यवहारातील उपयोग : जोखीम वेळीच ओळखली तर उपाय आहे. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत, निवडक गर्भवतींना सोळाव्या आठवड्याआधीपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर सदतिसाव्या आठवड्यापूर्वी उद्भवणारा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटला. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गरोदरपणाच्या पहिल्याच नोंदणीत आई, बहीण आणि सासू यांच्या बाळंतपणात बीपी वाढले होते का, झटके आले होते का, हे विचारून डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या माहितीला पैसा लागत नाही आणि तिने बाळ-बाळंतिणीचा जीव वाचू शकतो.