बांगड्याचं तिखलं आणि गिरणगावातली खानावळ



आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक छोटं मालवणी हॉटेल आहे. आठ-दहा टेबलं, भिंतीवर गणपती आणि काउंटरवर बडीशेपेची वाटी. दर बुधवारी मी तिथे बांगड्याचं तिखलं खायला जातो. डॉक्टरांनी तिखट कमी करा म्हणून सांगितलंय, पण ते सोमवार-मंगळवारी पाळतो! तिखलं म्हणजे माशाची पातळ कढी नव्हे. यात खोबरं जवळजवळ नाहीच, रस अंगापुरता, लाल मिरची सढळ, आंबटाला आमसूल आणि वरून ठेचलेलं तिरफळ. तिरफळाची बी काढून टाकायची असते, टरफलालाच सगळी चव. भाताबरोबर छानच, पण खरं जमतं ते भाकरीशी. आणि आदल्या दिवशीचं असेल तर विचारूच नका.

या हॉटेलच्या मेनूकार्डावर छापलंय, 'हजारो वर्षांची अस्सल कोकणी परंपरा'. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असं काही वाचलं की स्वस्थ बसवत नाही. म्हणून आजचा हा लेख.

हजारो वर्षं? मिरची ही मूळ अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकलं, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. 'मिरची' हे नावसुद्धा मिरीवरूनच पडलेलं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात स्वयंपाकाचं मोठं प्रकरण आहे, त्यात मासेही आहेत. मिरची अर्थातच नाही, असणार कुठून? म्हणजे आपलं लालभडक तिखलं फार तर पाचशे वर्षांच्या आतलं.

मात्र तिरफळ आणि कोकम खरोखरीच इथले. कोकम तर सह्याद्रीच्या पश्चिम उताराचंच झाड. तिरफळ जिभेला मुंग्या आणतं ना, तशाच मुंग्या चीनमधली सिचुआनची मिरी आणते, आणि ती तिरफळाच्याच कुळातली. तेव्हा मिरची येण्याआधी कोकणी माणूस अगदी मिळमिळीत खात असेल असं समजू नका. जुन्या आंबट-तिरफळ जोडीत मिरची नंतर येऊन बसली आणि बघता बघता घरचीच झाली. नव्याला घरात घ्यायची ही तऱ्हा मला आवडते. परंपरेच्या नावाने हल्ली जे गळे काढतात त्यांनी एकदा ताटातल्या मिरचीकडे, बटाट्याकडे आणि टोमॅटोकडे बघावं. असो.

आता दुसरा प्रश्न. कोकणातल्या चुलीवरचं हे तिखलं मुंबईच्या टेबलावर कसं आलं?

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली सूतगिरणी काढायचं ठरवलं आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या तसा जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली) माणसांचा ओघ लागला. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, गाठोड्यात कुळथाचं पीठ, आमसुलं, तिरफळं, मसाल्याची पुरचुंडी. बहुतेक पुरुष एकटेच येत. बायकामुलं गावाला, कारण चाळीतल्या एका खोलीत अनेक जण पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामावर, दुसरी अंथरुणावर. तिथे संसार कुठे मांडणार?

मग या माणसांना जेवू कोण घालणार? चाळीतलीच एखादी बाई, बहुधा गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा. दहा-पंधरा, कधी वीस माणसांचं दोन वेळचं जेवण ती आपल्या खोलीत रांधायची. हीच गिरणगावातली खानावळ. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. पैसे महिन्याला, गिरणीचा पगार झाला की. तोवर वाण्याकडे उधारी, कधी सावकाराकडे दागिना. बांगडा स्वस्त, तिखल्याला नारळ वाटायचा खर्च नाही, सकाळचं रात्री चालतं, रात्रपाळीवाल्यालाही पुरतं. पावसाळ्यात होड्या बंद, मग सुका बांगडा. चव मी आज शोधत जातो, पण त्या बाईला हिशेब जमवायचा होता.

या बायकांच्या श्रमांची पहिली मोठी दखल घेतली ती प्रेमा पुरव यांनी. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या तावडीतून सोडवलं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात गिरण्यांचे मालक होते, थोडेफार कामगार पुढारीही होते. त्या कामगाराला जेवण वाढणारी बाई मात्र मला एकाही क्रमिक पुस्तकात भेटली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, तो विरून गेला. संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी एवढंच सांगतो की पगाराचा दिवस गेला की खानावळ जाते. जेवणारे गावी परतले, वाण्याची उधारी बाईच्या नावावर राहिली. १९९१ नंतर गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली, चिमण्या पडल्या, टॉवर आले. त्याच सुमारास 'मालवणी' ही पाटी मुंबईत जागोजागी दिसू लागली, आणि तिखल्याला ताटाच्या हिशेबाने भाव आला. 'वस्त्रहरण' नाटकाने १९८० पासून मालवणी बोलीला रंगमंचावर मान मिळवून दिला होता, त्याचाही हातभार लागला असावा असं मला वाटतं. त्या पाट्यांमागे किती जुन्या खानावळवाल्या होत्या? माझ्या पाहण्यात एकच.

संपाच्या वर्षी मी लालबागजवळच्या एका शाळेत सातवीला शिकवत होतो. वर्गात एक मुलगा होता, त्याच्या आईची खानावळ होती. आईला लिहितावाचता येत नसे, म्हणून हिशेब हाच ठेवायचा, शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर. दिवाळीनंतर वह्या तपासताना ती पानं माझ्या नजरेस पडली. अठरा नावं होती. पुढे तारखा, जेवणं, बाकी. अकरा नावांपुढे बाकी तशीच ठेवून त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'गावी गेला'. मी त्या पानावर लाल शाई लावली नाही, वही मिटून परत दिली. १९८३ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. दाखला न्यायलाही कोणी आलं नाही.