हॉल कशासाठी लागतो?

परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच, खालचा हॉल एका क्लासला कायमचा भाड्याने द्यायचा का. "नाहीतरी वर्षभर रिकामाच असतो," असं एकजण म्हणाले. गणपतीत मुलं तिथे नाटुकली बसवतात, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं. घरी येताना मला छबिलदास आठवलं.

मंडळी, हा इतिहास थोडक्यात सांगते. १९६० साली विजया मेहतांच्या 'रंगायन'ने मराठी प्रायोगिक नाटकाला वळण दिलं. १९६७ चं 'शांतता! कोर्ट चालू आहे' त्यांचंच. अरविंद देशपांडे दिग्दर्शक, बेणारेबाई म्हणजे सुलभा देशपांडे. पुढे मतभेद झाले, आणि १९७१ मध्ये देशपांडे दांपत्य, अरुण काकडे आणि मित्रमंडळींनी 'आविष्कार' काढली. पहिलं नाटक कर्नाडांचं 'तुघलक', अनुवाद तेंडुलकरांचा. हौस दांडगी, खिसा मात्र बेताचाच!

मोठ्या थिएटरचं भाडं परवडायचं कसं? व्यावसायिक नाटकाला गर्दी हवी, आणि गर्दी हवी म्हटलं की धाडस कमी होतं. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. १९७४ पासून त्या शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू झाले. प्रेक्षक थोडे, पण नटाच्या इतके जवळ की त्याचा श्वास ऐकू यावा. नाटक पडलं तर पडलं, कुणी बुडत नव्हतं. मला वाटतं, सगळी गंमत इथेच आहे. पडायची मुभा! ती होती म्हणून नवे लेखक लिहू धजले. एकट्या 'आविष्कार'नेच नव्हे, इतर संस्थांनीही तिथे नाटकं केली, आणि 'छबिलदास चळवळ' हे नाव रूढ झालं. मुलांसाठी 'चंद्रशाला' निघाली, तिचं 'दुर्गा झाली गौरी' कितीतरी पोरांचं पहिलं स्टेज ठरलं.

अरविंद देशपांडे १९८७ मध्ये गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासही सुटलं. मग बिऱ्हाड माहीमच्या एका पालिका शाळेत हललं. पुन्हा शाळाच! तिथेही तालमी, शिबिरं, महोत्सव चालू राहिले. काकडेकाकांनी २०१९ मध्ये जाईपर्यंत हा गाडा ओढला. सुलभाताई २०१६ मध्येच गेल्या होत्या.

एवढ्या मोठ्या चळवळीला स्वतःची इमारत नव्हती. लागली ती एक उसनी खोली, आणि ती रिकामी ठेवायला तयार असलेली माणसं.

आमचा हॉल काही छबिलदास नाही, हे मलाही कळतं. पण येत्या रविवारी मतदान आहे, आणि भाड्याचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. दुसऱ्या बाजूने बोलायला मी उभी राहणार आहे. ताई, दादा, तुम्ही लहानपणी अशा कुठल्या हॉलमध्ये पहिल्यांदा तोंडाला रंग लावला होतात? जरूर कळवा. रविवारी सांगायला उपयोगी पडेल.